रोमन चांदीच्या नाण्यांवरचा देव ओळखताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त फसगत होते ती 'दिवुस', म्हणजे देवपदाला पोचलेला, या शब्दापाशी. सम्राट टायबेरियसच्या डेनारियसवर (रोमन चांदीच्या नाण्यावर) 'दिवी', म्हणजे 'दिवुसचा', एवढी अक्षरं दिसली की सम्राट स्वतःला देव म्हणवत होता, असं ठोकून दिलं जातं. नाण्यावरचा लेख शेवटपर्यंत वाचा. तिथे तो स्वतःला दिव्य ऑगस्टसचा, म्हणजे आधीच्या सम्राटाचा, मुलगा म्हणवतो. देवपद ऑगस्टसचं, तेही इ.स. १४ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर सिनेटने दिलेलं. टायबेरियसला ते मेल्यावरही मिळालं नाही.

याच शब्दापायी काळही चुकतो. पुढे 'दिवुस अँटोनिनुस', मागे गरुड किंवा चितेचा मनोरा आणि 'कोन्सेक्रातिओ' (देवपदी स्थापना) हा लेख असेल, तर ते नाणं अँटोनायनस पायसच्या कारकिर्दीत (१३८ ते १६१) घालू नका. ते त्याच्या मृत्यूनंतर पाडलेलं आहे. 'दिवो औगुस्तो' लिहिलेलं, किरणांचा मुकुट असलेलं चांदीचं नाणं तर ऑगस्टसनंतर दोन शतकांहून अधिक काळाने, २५० च्या आसपास, सम्राट ट्रेजन डेसियसच्या काळात निघालं.

आता ते किरण. सम्राट कॅराकल्लाने २१५ मध्ये दोन डेनारियस किमतीचं नवं नाणं काढलं, त्याला आज अँटोनिनियानस म्हणतात. त्यावरचा किरणमुकुट ही किमतीची खूण आहे. राणीच्या नाण्यावर तेच काम खांद्याखालची चंद्रकोर करते. मूळ कल्पना सूर्याकडून आली हे खरं, पण म्हणून प्रत्येक किरणधारी सम्राटाला सूर्यदेव ठरवणं चूकच.

टायबेरियसच्या नाण्यामागे बसलेल्या स्त्रीला लिव्हिया, म्हणजे त्याची आई, म्हणण्याची सवय आहे. तिचं नाव नाण्यावर कुठेच नाही. लेख आहे तो 'पोंतिफेक्स मॅक्सिमुस', हे सम्राटाचं मुख्य पुरोहितपद. नोंदीत 'हाती राजदंड आणि फांदी घेतलेली स्त्री' एवढंच लिहा.

दक्षिण भारतातल्या साठ्यांत टायबेरियसची ही नाणी पुष्कळ सापडली आहेत, आणि त्यांच्या जोडीला ऑगस्टसचे नातू गायस आणि लुसियस यांचीही. त्यांवर ढाली-भाल्यांच्या वर दिसणाऱ्या दोन वस्तू शस्त्रं समजू नका. वाकड्या टोकाची ती शकुन पाहणाऱ्या पुरोहिताची काठी, आणि दुसरी आपल्या पूजेतल्या पळीसारखी, देवाला मद्य वाहण्याची.

आणि कृपा करून नाणं रांगोळीने किंवा टूथपेस्टने घासू नका. जुनी चांदी जमिनीत ठिसूळ होते, आणि घासताना लेखाची बारीक अक्षरंच आधी झिजतात.