क्लचचं ऑइल गळतंय? गाडी खोलायच्या आधी या चुका टाळा

क्लचचं पेडल ढिलं पडलं की आपल्याकडे पहिलं काम काय होतं, तर बोनेट उघडायचं, टाकीत ब्रेक ऑइल (क्लचलाही हेच लागतं) वरपर्यंत ओतायचं आणि गाडी काढायची. सगळ्यात मोठी चूक हीच आहे भो. हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या क्लचमधलं ऑइल जळून कमी होत नाही, कमी झालं म्हणजे कुठूनतरी बाहेर पडलंच, आणि बऱ्याच गाड्यांत क्लच-ब्रेकची टाकी एकच असते, म्हणून हा विषय पुढच्या महिन्यावर ढकलायचा नाही. (आल्टोसारख्या केबल क्लचच्या गाड्यांना हे लागू नाही.)

पण टाकी उतरली म्हणून लगेच क्लचवर आळ घेऊ नका. ब्रेक पॅड झिजले तरी पातळी हळूहळू खाली जाते. क्लच प्लेट झिजते तेव्हा मात्र उलटं होतं, स्लेव्हचा, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या खालच्या सिलिंडरचा पिस्टन मागे सरकतो आणि थोडं ऑइल टाकीत परत येतं. म्हणून टाकीवर मार्करने रेघ मारा, चार-पाच दिवसांत रेघ सोडून खाली गेलं तर गळती धरून चाला, आणि ती ब्रेकच्या बाजूने नाही ना ते चारही चाकांच्या आतून बघून घ्या.

खाली थेंब दिसला की घाबरणं ही पण एक चूक. मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या उन्हात एसी चालवून गाडी उभी केली की खाली पाण्याचं थारोळं होणारच. आणि शेतात, खळ्यात काळ्या मातीवर गाडी लावली तर खरी गळतीसुद्धा दिसत नाही, माती सगळं पिऊन टाकते. केळीच्या बॉक्सचा कोरा पुठ्ठा रात्रभर इंजिन आणि गिअरबॉक्सखाली सरकवून ठेवा. सकाळी डाग बघा. इंजिन ऑइल काळपट, गिअर ऑइल जाड आणि उग्र गंधकासारख्या वासाचं, ब्रेक ऑइल पातळ, नवं असेल तर फिकट पिवळं. तरी शंका राहिली तर थेंब वाटीभर पाण्यात टाकून हलवा, ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, बाकी ऑइल वर तरंगतं.

आता शोध. जिथे थेंब पडतो तिथेच गळती असं समजून खालचा सिलिंडर बदलणारे खूप आहेत. ऑइल पाइपवरून ओघळत खाली येतं, म्हणून आधी सगळं पुसून कोरडं करा, कोणाला तरी पेडल मारायला बसवा आणि सगळ्यात वरची ओली जागा शोधा. सुरुवात गाडीच्या आतून करा, हे बहुतेक जण विसरतात. आमच्या गल्लीतल्या एका दादांच्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट कायम ओलं, त्यांना वाटायचं पाण्याची बाटली सांडते, प्रत्यक्षात मास्टर सिलिंडरचं (पेडलजवळचा वरचा सिलिंडर, तिथूनच ऑइल खाली ढकललं जातं) मागचं सील गेलेलं आणि ऑइल दांडीवरून पेडलवर, पेडलवरून मॅटवर. पेडलच्या वर, जिथे दांडी फायरवॉलमध्ये (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) शिरते तिथे बोट फिरवा. मग पाइपचे जॉइंट, मग गिअरबॉक्सवरचा स्लेव्ह. स्लेव्हचं रबरी बूट (तोंडावरचं कव्हर) नखाने हलकं उचला, आत ऑइल साचलेलं असेल तर बाहेरून कितीही कोरडा दिसू द्या, तो गेलेला आहे.

गिअरबॉक्स आणि इंजिनच्या सांध्यातून खाली टपकत असेल आणि बाहेर स्लेव्ह दिसतच नसेल, तर तो हाउसिंगच्या आत बसवलेला प्रकार आहे. त्याला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, घरच्या जॅकवर ते करू नका. आणि उतरवलाच आहे तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेटही तपासून घ्या, मजुरी दोनदा कशाला द्यायची.

कुठेच ओलं नाही, पातळी जशीच्या तशी, पण पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली जातं आणि रिव्हर्स टाकताना कर्र वाजतं? मास्टरचं आतलं सील ऑइल मागे सोडतंय. गळती दिसत नाही म्हणून याचा दोष लोक महिनोन्‌महिने क्लच प्लेटवर ढकलतात.

टाकीत इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंग ऑइल कधीच नाही, अडचणीत सुद्धा नाही. त्याने रबर फुगतं आणि मग सगळे सील बदलावे लागतात. झाकणावर डॉट ३ किंवा ४ जे लिहिलंय तेच, आणि सीलबंद बाटलीतलं, कारण हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, ओलावा धरल्यावर १४० पर्यंत येऊ शकतो. सुटे भाग पेट्रोल-डिझेलने धुऊ नका. रंगावर सांडलं तर लगेच पाणी मारा, नाहीतर रंग सोलून निघतो.

स्लेव्ह सुटा असताना पेडलला हात लावू नका, पिस्टन बाहेर उडतो. किट (नव्या सीलचा संच) टाकायच्या आधी सिलिंडरच्या आत बोट फिरवा, चरे किंवा गंज लागला तर किट टिकणार नाही, पूर्ण सिलिंडर घ्या. हवा काढताना क्रम पक्का ठेवा: पेडल खाली धरा, स्लेव्हवरचं निपल (हवा सोडायचा छोटा स्क्रू) उघडा, बंद करा, मगच पेडल सोडा, आणि टाकी रिकामी होऊ देऊ नका. बाटलीत निघालेलं ऑइल परत टाकीत ओतायचं नाही, बांधावर तर अजिबात नाही, गॅरेजवाल्याकडे द्या.

काम झाल्यावर दोन-चार दिवस गावातल्या गावात चालवा, रेघ आणि बूट परत तपासा, मगच कन्नड घाटाकडे किंवा तोरणमाळला निघा, कारण चढणीवर ट्रकच्या मागे रांगेत सारखा क्लच मारावा लागतो आणि कच्चं राहिलेलं काम तिथेच उघडं पडतं.