भ्रूणातील मूत्रपिंड आणि पुरुष जननमार्ग: जनुकांची अभिव्यक्ती तपासताना या चुका टाळा

उंदराच्या भ्रूणात साधारणपणे १०.५ व्या दिवशी वुल्फियन नलिकेतून (भ्रूणातील आद्य मूत्रपिंडाच्या नलिकेतून) मूत्रवाहिनीची कलिका फुटते, आणि तीच नलिका नर भ्रूणात टेस्टोस्टेरॉनमुळे टिकून पुढे अधिवृषण, शुक्रवाहिनी व शुक्राशय बनते. या समान उगमाकडे दुर्लक्ष करून संपूर्ण मूत्रजनन भागाचा एकत्रित आरएनए (जनुक किती सक्रिय आहे हे दाखवणारा रेणू) काढणे, ही माझ्या मते सर्वांत घातक चूक आहे. पॅक्स२ हे जनुक नलिकेच्या अस्तरातही व्यक्त होते आणि मूत्रपिंड घडवणाऱ्या मेसेन्काइममध्येही (सैल भ्रूणीय ऊतीत); ते नसलेल्या उंदरांत मूत्रपिंड आणि जननमार्ग दोन्ही तयार होत नाहीत. डब्ल्यूटी१ हे जनुक तर शेजारच्या जननग्रंथीतही सापडते. अशा मिश्रणात पातळी वाढलेली दिसली, तरी ती कोणत्या ऊतीत वाढली हे त्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून ऊती सूक्ष्मदर्शकाखाली वेगळ्या कराव्यात, नेफ्रॉनच्या (मूत्रपिंडातील गाळणी-एककाच्या) पूर्वज पेशींसाठी सिक्स२ सारखे ओळखचिन्ह सोबत तपासावे आणि निष्कर्षाची खात्री छेदांवरील इन सिटू हायब्रिडायझेशनने (जनुकाचा आरएनए ऊतीत नेमका कुठे आहे हे पूरक प्रोबने रंगवून दाखवणाऱ्या पद्धतीने) करावी. त्यात सेन्स प्रोबचा (त्या आरएनएला न चिकटणाऱ्या प्रोबचा) नियंत्रण-छेद वगळू नये, कारण पार्श्वभूमीचा रंग खऱ्या संकेतासारखा भासू शकतो.

लिंगनिश्चितीतही घाई होते. ११.५ व्या दिवशी जननग्रंथी पाहून नर-मादी ओळखता येत नाही. वृषणातील रज्जू साधारण १२.५ व्या दिवशी दिसू लागतात. प्रत्येक भ्रूणाच्या शेपटीचा तुकडा राखून एसआरवाय या वाय गुणसूत्रावरील जनुकाचा पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती वाढवून तो ओळखणारी चाचणी) करावा, आणि त्याच चाचणीत लिंगगुणसूत्रांबाहेरील एक जनुकही तपासावे. अन्यथा फसलेली अभिक्रिया ‘मादी’ म्हणून नोंदली जाते. पुढे मादीत वुल्फियन नलिका झडत असल्यामुळे लिंग न पाहता एकत्र केलेल्या नमुन्यांची सरासरी दोन्ही लिंगांविषयी दिशाभूल करते.

वय केवळ प्लगच्या (मिलनानंतर मादीच्या योनिमार्गात दिसणाऱ्या घट्ट गोळ्याच्या) तारखेवरून ठरवू नये. एकाच वेतातील भ्रूणही विकासात मागेपुढे असतात, आणि १०.५ व्या दिवशी नुकतीच फुटलेली कलिका ११.५ व्या दिवशी टी आकारात दुभंगलेली असते. त्यामुळे सोमाइट (भ्रूणाच्या पाठीकडील ऊतींचे जोडीने असलेले खंड) मोजून किंवा पायांच्या कळ्यांचा आकार पाहून टप्पा नोंदवावा.

एकेका पेशीच्या स्वतंत्र विश्लेषणासाठी ऊती ३७ अंश सेल्सिअसला बराच वेळ विघटित करून पेशी सुट्या केल्यास फॉस आणि जुन ही ताणाला प्रतिसाद देणारी जनुके कृत्रिमरीत्या वाढतात. थंड तापमानात काम करणारे प्रोटिएज (प्रथिने तोडणारे विकर) वापरल्यास हा दोष बराच कमी होतो.