सायकलला मोटर बसवताय? आधी २५० हा आकडा बघा

गोव्यातल्या पर्वरीचा चढ चढायचा म्हणून साध्या सायकलला किट बसवणार असाल, तर मोटरवरचा शिक्का आधी वाचा. विजेची मोटर २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, शिवाय मान्यताप्राप्त संस्थेची चाचणी झालेली असेल, तरच ती कायद्याने मोटार वाहन ठरत नाही. पुढे पांढरा, मागे लाल रिफ्लेक्टर हवाच. पेडल मारणं थांबवलं की मोटरही बंद पडायला हवी.

घरी जोडलेल्या सायकलीची गोची चाचणीतच होते. अनेक किटच्या कंट्रोलरला (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या डबीला) वेगमर्यादेची बारीक वायर असते. ती सुटली किंवा मुद्दाम काढली की सायकल ताशी २५ किलोमीटरच्या वर जाऊ शकते आणि सवलत संपते. मग नोंदणी, लायसन्स, विमा, हेल्मेट सगळंच लागतं. विनानोंदणी चालवल्यास पहिल्या वेळी दंड ५००० रुपयांपर्यंत. त्याहून वाईट म्हणजे कुणाला धडक बसली, तर भरपाई स्वतःच्या खिशातून.

पेट्रोल इंजिनाला सूट फक्त २५ सीसीपर्यंत. बाजारातलं ४९ किंवा ८० सीसीचं किट घेऊच नका; सायकलीचे ब्रेक त्या वेगासाठी बनलेलेच नसतात.