कॅन्सरनंतर कॉलेज: शिष्यवृत्ती कुठे शोधायची?

नुसतं ‘कॅन्सर शिष्यवृत्ती’ शोधून हाती फार थोडं लागतं. कायद्याने मानलेल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत कॅन्सर नाही. पण कॅन्सरमुळे पाय काढावा लागला असेल किंवा सिस्प्लाटिन या केमोच्या औषधामुळे ऐकू येणं गेलं असेल, तर केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी (दिव्यांग ओळखपत्रासाठी) अर्ज करा आणि आपल्या जिल्ह्याच्या (उदा. सांगली किंवा साताऱ्याच्या) सिव्हिलमध्ये तपासणी करून घ्या. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त भरलं, तर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरची दिव्यांगांची मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरची) योजना बघा. कुटुंबाची उत्पन्नमर्यादा २.५ लाख. नाहीतर राज्य सरकारचं शिष्यवृत्ती पोर्टल महाडीबीटी आहेच: खुल्या प्रवर्गाला राजर्षी शाहू शिक्षण शुल्क योजना, मर्यादा ८ लाख. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

उपचारांत वर्ष गेलं असेल, तर शिक्षणातल्या गॅपच्या प्रतिज्ञापत्रातल्या तारखा डिस्चार्ज कार्डाशी तंतोतंत जुळवा. आणि बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल, तर मंजूर झालेले पैसेही अडकून पडतात!