सर्व्हर रूमचा टेम्परेचर मॉनिटर: बसवणं सोपं, अलर्ट पोचवणं अवघड

शनिवारी रात्री लाइट जाते. यूपीएसवर सर्व्हर चालू राहतात, थोड्या वेळाने लाइट परत येते, पण स्प्लिट एसीला ऑटो-रीस्टार्ट नसल्यामुळे तो बंदच राहतो. दार लावलेली खोली सोमवारपर्यंत तापत जाते. पतसंस्था, दवाखाना, सीएचं ऑफिस, जिथे एका रॅकची सर्व्हर रूम आहे तिथला हा ठरलेला प्रसंग. मॉनिटर घ्यायचा तो यासाठीच. इथे धरलेलं उपकरण साधं आहे: इथरनेट पोर्ट, वायरने जोडायचे एक-दोन टेम्परेचर-ह्युमिडिटी सेन्सर, दोन-चार ड्राय कॉन्टॅक्ट (सर्किट जोडलंय की तुटलंय एवढंच ओळखणारे इनपुट) आणि सेटिंगसाठी स्वतःचं वेब पेज. तापमान मोजण्यात असलं उपकरण सहसा कमी पडत नाही. गाडी अडते ती निरोप बाहेर पोचवताना.

१. सेन्सरची जागा

रॅकच्या समोर, सर्व्हर जिथून हवा आत ओढतात तिथे, उंचीने वरच्या तिसऱ्या भागात. मागून निघालेली गरम हवा रॅकवरून वळसा घेऊन पुढे येते, ती तिथे आधी कळते. ‘खोलीच्या मध्यावर भिंतीला चिकटवा’ हा सल्ला सर्रास मिळतो. ऐकू नका, भिंतीचं तापमान कोणाला हवंय? एसीच्या झोतात नको, रॅकच्या पत्र्याला टेकलेलाही नको. दुसरा सेन्सर असेल तर मागच्या दारावर लावा. तिथे ३५-४० अंश दिसले तर घाबरू नका, सर्व्हरमधून फिरून आलेली हवा गरम असणारच.

२. आयपी आणि पासवर्ड

राउटरमध्ये डीएचसीपी (आयपी पत्ते आपोआप वाटणारी सोय) रिझर्व्हेशन करून आयपी उपकरणाच्या मॅक ॲड्रेसला, म्हणजे त्याच्या हार्डवेअर क्रमांकाला, बांधून टाका. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर उपकरण डीएचसीपीपर्यंत पोचलेलंच नाही. केबल किंवा व्हीलॅन (स्विचमधली नेटवर्कची विभागणी) तपासा. कारखान्याचा पासवर्ड बदला. एसएनएमपी (नेटवर्कवरून उपकरणाची स्थिती कळण्याची पद्धत) वापरणार असाल तर ‘पब्लिक’ ही कम्युनिटी, म्हणजे तिचा पासवर्डसारखा शब्द, बदला, नसाल तर एसएनएमपी बंदच करा. पोर्ट फॉरवर्ड करून हे वेब पेज इंटरनेटवर उघडं टाकू नका. बाहेरून बघायचं तर व्हीपीएन.

३. मर्यादा

ॲश्रे या एअर-कंडिशनिंग क्षेत्रातल्या संस्थेची शिफारस अशी, की सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस असावी. त्यावरून वॉर्निंग २८ ला आणि क्रिटिकल ३२ ला ठेवा. आकड्यापेक्षा महत्त्वाच्या दोन सेटिंग आहेत, आणि त्याच लोक सोडून देतात: डिले ५ मिनिटं आणि हिस्टेरेसिस २ अंश. म्हणजे २८ वर सलग पाच मिनिटं राहिलं तरच अलर्ट, आणि २६ च्या खाली आलं तरच तो मिटला. एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद होताना पारा एक-दोन अंश हलतोच. हिस्टेरेसिस शून्य ठेवलं की रात्रभर मेसेज वाजतात, आठवड्याभरात कोणीतरी वैतागून ते म्यूट करतं, आणि मग ‘लांडगा आला रे’ची गोष्ट सुरू. ह्युमिडिटीची मर्यादा ७० टक्के, डिले अर्धा तास. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात दार थोडा वेळ उघडं राहिलं तरी ती ओलांडली जाते.

४. अलर्ट: खरं काम इथे आहे

‘टेस्ट मेल आली की झालं’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. टेस्ट मेल जाते तेव्हा लाइट असते, इंटरनेट असतं, स्विच चालू असतो. अलर्टची गरज पडते तेव्हा नेमकं यातलंच काहीतरी गेलेलं असतं.

आधी ती टेस्ट मेल जाऊ दे. जात नसेल तर पहिला संशय गेटवे आणि डीएनएसवर. आयपी हाताने टाकला असेल तर हे दोन रकाने रिकामे राहतात. ऑफिसमधून वेब पेज उघडतं, आकडे दिसतात, म्हणून नेटवर्क ठीक आहे असं वाटतं, पण उपकरणाला ऑफिसबाहेरचा रस्ताच माहीत नसतो. दुसरा संशय घड्याळावर. तारीख काही वर्षं मागे असेल तर सर्टिफिकेट तपासणारं उपकरण मेल सर्व्हरशी टीएलएस (एन्क्रिप्टेड) जोडणी नाकारतं. एनटीपी (घड्याळ लावून देणारा) सर्व्हर भरा, टाइम झोन +५:३० करा आणि फायरवॉलमध्ये यूडीपी १२३ बाहेर जाऊ द्या. तिसरा संशय मेल सर्व्हरच्या पोर्ट नंबरवर: २५ बऱ्याच इंटरनेट कंपन्या अडवतात, म्हणून ५८७ आणि स्टार्ट-टीएलएस वापरा.

जीमेलमधून पाठवत असाल तर नेहमीचा पासवर्ड चालणार नाही. अलर्टसाठी वेगळं खातं काढा, त्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा आणि १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड तयार करून तो भरा, मधल्या मोकळ्या जागा काढून. ‘फ्रॉम’मध्ये त्याच खात्याचा पत्ता लिहा. उपकरण जुनं असेल आणि त्याला टीएलएस १.२ येत नसेल, तर कितीही वेळा पासवर्ड बदला, मेल अडकू शकते. फर्मवेअर अपडेट करा. अपडेटच नसेल तर असलं उपकरण स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका.

आता वीज. मॉनिटरच्या केबलचा माग काढत खोलीबाहेर चला: मॉनिटर, स्विच, राउटर, आणि शेवटी भिंतीवरचा फायबरचा छोटा डबा. या प्रत्येकाचा ॲडॉप्टर कुठे खोचलाय ते बघा. सर्व्हर यूपीएसवर आणि फायबरचा डबा दाराजवळच्या साध्या बोर्डावर, हे इतक्या ठिकाणी दिसतं की सगळ्यात आधी तोच बघावा. लाइट गेली की इंटरनेट त्याच क्षणी जातं, मेल अडकते, आणि उपकरण पुन्हा प्रयत्न करणारं नसेल तर ती कायमची गेली. एसएनएमपी ट्रॅप, म्हणजे उपकरणाने आपणहून पाठवलेली सूचना, यूडीपीवर जातो. तो पोचला की नाही याची पोच पाठवणाऱ्याला मिळत नाही, म्हणून नुसत्या ट्रॅपवर विसंबणं म्हणजे रामभरोसे कारभार.

सगळं यूपीएसवर घेतलं तरी इंटरनेट कंपनीचा गल्लीतला डबा तुमच्या यूपीएसवर नसतो. म्हणून दुसरी वाट हवीच, आणि ती सिम घालून थेट एसएमएस पाठवणाऱ्या मोबाइल मोडेमची असावी. मोडेम २जी असेल तर त्यात जिओचं सिम चालत नाही, कारण त्यांचं नेटवर्क ४जीपासूनच सुरू होतं. मोडेम घेण्याआधी हे बघा. खोलीच्या आत, रॅकच्या पत्र्याआड रेंज किती ते आधी मोबाइलवर तपासा आणि लागली तर अँटेना बाहेर काढा. इंटरनेटवरच्या एसएमएस सेवेला ही दुसरी वाट समजू नका: तिलाही तेच इंटरनेट लागतं, शिवाय डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणीची व्यवस्था) हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, आणि टेम्प्लेट, म्हणजे मजकुराचा साचा, यांची नोंदणी करावी लागते, आणि मजकूर टेम्प्लेटबाहेर गेला की मेसेज पोचत नाही.

तिसरी गोष्ट हार्टबीट. मॉनिटर स्वतःच मेला तर तो काही कळवू शकत नाही, आणि बाहेरून ही शांतता ‘सगळं ठीक’सारखीच दिसते. किमान उपाय म्हणजे रोज सकाळी नऊला एक स्टेटस मेल, आणि ती न आल्यास बघायला जाणारा एक ठरलेला माणूस. चांगला उपाय म्हणजे दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एखाद्या सेवेला एचटीटीपी हाक, आणि हाक चुकली की फोनवर सूचना.

लाइट गेल्याची खबर मात्र तापमान वाढायची वाट न बघता मिळवा. इलेक्ट्रिशियनकडून २३० व्होल्ट कॉइलचा रिले यूपीएसवर नसलेल्या लाइनवर बसवून घ्या आणि त्याचा कॉन्टॅक्ट ड्राय कॉन्टॅक्ट इनपुटला जोडा. वायर अशी लावा की लाइट असताना सर्किट जोडलेलं (क्लोज्ड) असेल. मग वायर तुटली तरी अलर्ट येतो. लाइट जाते-येते, त्यानंतर अर्ध्या तासात तापमान चढू लागतं: हे दोन अलर्ट ओळीने आले की एसी बंद राहिलाय हे घरबसल्या कळतं.

५. पाणी

लीक सेन्सरची दोरी एसीच्या इनडोअर युनिटखाली आणि ड्रेन पाइपच्या जोडाखाली अंथरा. तपासताना बोअरचं पाणी ओतू नका, त्यातल्या क्षारांमुळे सेन्सर लगेच बोलतो. एसीचं ठिबकणारं पाणी बरंच शुद्ध असतं आणि वीज नीट वाहून नेत नाही, म्हणून ड्रेनमधलंच वाटीभर घेऊन तपासा.

६. चाचणी

सेन्सर मुठीत धरा; पाच मिनिटांचा डिले संपेपर्यंत सोडू नका. तळहाताच्या उबेने तो बहुतेक वेळा २८ च्या वर जातो. मेल आली? एसएमएस आला? आता फायबरचा डबा बंद करून तेच पुन्हा करा. या वेळी फक्त एसएमएस यायला हवा. मग मॉनिटरचीच वायर काढा आणि हार्टबीट चुकल्याची सूचना किती वेळात येते ते लिहून ठेवा. शेवटी ज्याच्या फोनवर अलर्ट जाणार त्याला त्या पाठवणाऱ्याला वेगळी रिंगटोन द्यायला लावा, डू नॉट डिस्टर्बमधून सूट द्यायला सांगा आणि स्पॅम फोल्डर एकदा समोरच उघडून बघा. मोडेममधल्या सिमच्या रिचार्जची तारीख कॅलेंडरमध्ये टाका, दोन माणसांच्या.