वन्यजीव पुनर्वसनात येताय? आधी हात आवरायला शिका

वन्यजीव पुनर्वसन म्हणजे जखमी किंवा अनाथ रानटी प्राण्यांना सांभाळून परत रानात सोडणं. परीक्षा संपल्या की गोव्यातल्या सत्तरी, डिचोली, फोंड्याकडच्या मुलामुलींचे मेसेज येऊ लागतात. "ताई, मला प्राण्यांची खूप आवड आहे, हेच काम करायचंय." आवड हवीच. पण मी त्यांना उलट एकच विचारते: समोर पिल्लू ओरडतंय, आणि त्याला न उचलता लांब बसून बघत राहणं तुला जमेल का? ज्याला हे जमतं त्याला बाकीचं सगळं शिकवता येतं.

कारण 'अनाथ' म्हणून आमच्याकडे येणारी कितीतरी पिल्लं अनाथ नसतातच. आपल्याकडे पावसाआधी जुन्या घरांची कौलं परततात. माळ्यावर उदमांजराची पिल्लं सापडतात, कामगार ती टोपलीत घालून खाली आणतात आणि घरात धांदल उडते. आई दिवसा जवळपास लपलेली असते, माणसांच्या गडबडीत पुढे येत नाही, एवढंच. वाळपईकडच्या एका घरी मी पोचले तेव्हा तिथले आजोबा पिल्लांजवळ वाटीत दूध घेऊन बसले होते. "बाय, आई खरंच परत येईल गो?" मी म्हटलं, "येईल आजोबा. तुम्ही फक्त आज रात्री माळ्यावरचा दिवा लावू नका आणि कुत्र्याला बांधून ठेवा." पिल्लं कमी उंचीच्या खोक्यात, जुन्या सुती कपड्यावर, सापडली त्याच जागी परत ठेवली. सकाळी खोकं रिकामं होतं. आई एकेक पिल्लू मानेला धरून नेते, त्यामुळे सकाळी एखादं मागे राहिलेलं दिसलं तरी घाई करायची नाही, आणखी एक रात्र द्यायची. मात्र पिल्लू हाताला गार लागत असेल, अंगावर मुंग्या चढल्या असतील, जखम असेल किंवा आई मेलेली दिसली असेल, तर वाट बघत बसू नका.

पक्ष्यांचंही तेच. अंगावर पिसं आलेलं, उड्या मारणारं बुलबुलाचं पिल्लू घरट्यातून पडलेलं नसतं, ते उडायला शिकत असतं. त्याला जवळच्या फांदीवर ठेवा आणि मांजर हाकला. माणसाचा वास लागला की पक्षीण पिल्लाला टाकते, हा समज चुकीचा आहे. उघडं, पिसं न आलेलं पिल्लू घरट्यात परत ठेवता आलं तर जरूर ठेवा.

आता कायदा, कारण उत्साहाच्या भरात लोक इथेच अडकतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असा सापडलेला वन्य प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो. तो तुमच्या ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवून स्वाधीन करावा लागतो. चांगल्या हेतूने घरी वाढवणं हासुद्धा गुन्हाच. म्हणून पहिला फोन वनखात्याला. पुनर्वसनाचं काम वनखात्याच्या परवानगीने आणि पशुवैद्याच्या देखरेखीखालीच होतं, आणि ते तसंच व्हायला हवं असं माझं ठाम मत आहे.

प्राणी केंद्रात आला की पहिल्या तासाचा क्रम ठरलेला असतो: ऊब, अंधार, शांतता. त्यानंतर पाणी भरून काढणं, आणि अगदी शेवटी खाणं. नवीन माणूस हा क्रम हमखास उलटा करू पाहतो. गारठलेल्या पिल्लाचं पोट काम करत नाही. त्याला पाजलेलं दूध आत तसंच पडून राहतं आणि ते त्याच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून गरम पाण्याची बाटली कपड्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवायची, म्हणजे जास्त ऊब वाटली तर पिल्लाला दुसरीकडे सरकता येतं. अंग गरम झाल्यावर कातडी चिमटीत धरून सोडायची. ती लगेच सपाट झाली नाही तर शरीरातलं पाणी कमी झालंय असं समजायचं. मग पशुवैद्य सांगतील तेवढं क्षारयुक्त पाणी, कोमट करून.

गाईचं दूध देऊ नये. त्यातली साखर बहुतेक पिल्लांना पचत नाही, जुलाब लागतात आणि एवढासा जीव बघता बघता कोरडा पडतो. कोणत्या जातीला कोणतं दूध आणि ते किती पातळ, हे पशुवैद्य ठरवतात. पाजण्याची रीत मात्र तुमच्या हातात असते, आणि ती नीट बघून शिका. उदमांजराचं पिल्लू टॉवेलवर पालथं ठेवायचं, आईला पितं तसं. तान्ह्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. एक मिलीची सिरिंज, तिला मऊ निपल. दट्ट्या दाबायचा नाही. पिल्लू ओढेल त्या गतीने त्याला फक्त साथ द्यायची. सगळं लक्ष नाकपुड्यांवर. तिथे दुधाचा बारीकसा बुडबुडा दिसला की लगेच थांबायचं, डोकं खाली करायचं आणि नाक पुसायचं. एका वेळचं दूध वजनाच्या विसाव्या भागापर्यंत, म्हणजे शंभर ग्रॅमच्या पिल्लाला पाच मिली. पाजून झाल्यावर ओल्या कापसाने शेपटीखाली हलकेच पुसायचं, कारण अगदी लहान पिल्लांना आईने चाटल्याशिवाय शी-शू होत नाही. मग वहीत नोंद: वेळ, मिली, शीचा रंग, आणि रोज सकाळी उपाशीपोटी वजन. मला चांगला कार्यकर्ता त्याच्या वहीवरून ओळखता येतो.

गव्हाणी घुबडाच्या पिल्लांची तऱ्हा वेगळी. वाळका माड पाडला की पोकळ खोडातून ती बाहेर येतात, आणि घुबड अशुभ म्हणून काही गावांत त्यांना कोणी हातही लावत नाही. दयाळू माणसं त्यांना चिकनचे तुकडे भरवतात. पिल्लू ते आवडीने खातं, वाढल्यासारखं दिसतं, पण नुसत्या मांसात कॅल्शियम फार कमी असतं. मग हाडं मऊ राहतात, वाकतात, आणि असं पिल्लू पुढे उडण्याची शक्यता फार थोडी. घुबडाला उंदीर द्यायचा तो केस आणि हाडांसकट. न पचलेले केस-हाडं ते गोळी करून तोंडाने बाहेर टाकतं. खोक्यात ती घट्ट, करडी गोळी सापडली की पोट नीट चाललंय असं समजायचं. भरवताना चेहरा आणि हात कापडाआड, चिमट्याने, एक शब्दही न बोलता. पिल्लाच्या डोळ्यांसमोर अन्न यावं, माणूस येऊ नये.

ही शिस्त नव्या लोकांना कोरडी वाटते. मला ती या कामातली सर्वांत मोठी माया वाटते. माणसाची भीती हा रानातल्या जीवाचा खरा ठेवा आहे, आणि लाडाने आपण नेमका तोच काढून घेतो. घरात बाटलीने वाढवलेलं माकडाचं पिल्लू वर्षभर सगळ्यांना गोड वाटतं. वयात आल्यावर ते चावतं, मग साखळी येते. सोडलं तर ते अन्नासाठी माणसांच्याच अंगावर जातं आणि मार खातं. न सोडलं तर आयुष्यभर पिंजरा. म्हणून एकाच जातीची पिल्लं आम्ही होता होईल तो एकत्र वाढवतो, त्यांना नावं देत नाही, आणि सेल्फीला सक्त मनाई आहे.

तुमची स्वतःची काळजी. कामाला हात लावण्याआधी रेबीजची प्रतिबंधक लस पूर्ण झालेली हवी. तरीही चावा किंवा ओरखडा झाला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळलेत. हा आजार १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेला आणि तो गोचिडींमधून पसरतो. काजूच्या बागायतीत मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, फोटोसाठीही नाही. वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला कळवा.

सोडण्याबद्दल लोकांचा एक ठाम समज असतो: "म्हादईत नेऊन सोडा, तिथे भरपूर जंगल आहे." २०८ चौरस किलोमीटरचं अभयारण्य मोकळं पडलेलं नाही. तिथे आधीच त्याच जातीचे प्राणी आपापली हद्द राखून आहेत. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, वाढलेल्या उदमांजराला तिथली पाण्याची जागा माहीत नाही, लपायची झाडाची ढोली माहीत नाही. मोठा जखमी प्राणी बरा झाला की सापडला त्याच परिसरात जातो. सापांना तर हे आणखीच लागू, त्यांना दूर नेऊन सोडणं म्हणजे सुटका नव्हे. हाताने वाढवलेल्या पिल्लांसाठी योग्य जागी पिंजरा बांधतो आणि काही आठवडे त्यांना तिथले वास, आवाज, पाऊस अनुभवू देतो. पपईच्या फोडींबरोबर भेरल्या माडाची फळं फांदीसकट टांगतो, म्हणजे ती चढून मिळवावी लागतात. मग एका संध्याकाळी दार उघडं ठेवायचं आणि खाणं काही दिवस चालू ठेवायचं. रोज थोडं थोडं उरू लागतं. घुबडाला त्याआधी मोठ्या पिंजऱ्यात अंधारात स्वतः शिकार करून दाखवावी लागते, आणि एकदा जमली म्हणून लगेच सोडत नाही.

सगळे सुटत नाहीत. विजेच्या तारेला चिकटलेली वानरं येतात, रानडुकरासाठी लावलेल्या फासात पाय सडलेले प्राणी येतात, सांध्याजवळ पंख मोडलेल्या घारी येतात. काही रात्रीतच जातात. काहींना वेदनेतून सोडवण्याचा निर्णय पशुवैद्य घेतात, आणि त्या वेळी खोलीत थांबायचं की नाही हे प्रत्येकाने आपापलं ठरवावं. मी थांबते. त्या दिवशी रडू आलं तर रडा, पण पुढच्या पाजण्याची वेळ चुकवू नका.

शिक्षणाचं विचाराल तर या कामाकडे जाणारा एकच सरळ रस्ता नाही. उपचार करायचे असतील तर बारावीनंतर 'नीट' (NEET) ही प्रवेश परीक्षा देऊन पशुवैद्यकीची पदवी, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. नागपूरला गोरेवाड्यात वन्यजीव संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. प्राणिशास्त्राकडून यायचं असेल तर गोवा विद्यापीठात एमएस्सी, किंवा १९८२ मध्ये स्थापन झालेल्या डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत पदव्युत्तर शिक्षण. पगारी जागा थोड्या असतात आणि पगार बेताचाच, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. नोकरी वनखात्यात किंवा प्राणिसंग्रहालयात करून सुट्टीच्या दिवशी हे काम करणारेही आहेत, आणि त्यांचं काम कुठेही कमी पडत नाही.

यायचं असेल तर एप्रिल-मेमध्ये या, तेव्हा माणसं सर्वांत कमी पडतात. सुरुवातीला पिंजरे धुणं, फळं कापणं, कपडे उकळणं आणि वजनं लिहिणं एवढंच मिळेल. पिल्लू हातात यायला वेळ लागेल. बंद बूट घाला, अत्तर लावू नका, आणि लस घेतल्याचा कागद बरोबर आणा.