घाटात रेडिएटरचा पाइप फुटला तर

उन्हाळ्यात खंबाटकी चढून आलेल्या गाड्या बॉनेटमधून वाफ सोडतच माझ्या गॅरेजात येतात. तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकला की गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण मात्र अर्धा-पाऊण तास उघडू नका. आत पाणी दाबाखाली असतं, तोंडच भाजेल.

गार झाल्यावर वरचा जाड पाइप दाबून बघा. चांगला असेल तर लगेच परत उभा राहतो. गेलेला पिचपिचीत लागतो, नाहीतर वाकवल्यावर चिरा दिसतात. क्लिपजवळ हिरवट-पांढरा थर वाळलेला असला तर गळती तिथेच समजा. बहुतेकदा पाइप टोकालाच फाटतो. लांबी पुरत असेल तर तेवढा तुकडा ब्लेडनं सरळ कापा, पाइप ज्यावर बसतो त्या नळीचं तोंड पुसा, पाइप चढवून क्लिप आवळा. जोर लावू नका, रबर कापलं जातं. मधेच फुटलाय? मग नवाच घाला. चिकटपट्टी फार तर गावापर्यंत पोचवेल, तीही नशीब असेल तर.

कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरा. हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं भरत राहा. गंजलेली क्लिपही बदलून टाका, तिच्यात पैसे वाचवण्यासारखं काही नाही.